गंधकयुक्त ॲरोमॅटिक संयुगांवरून खनिज तेलाची परिपक्वता व उगम : एक चिकित्सक अभ्यास

सारांश : खनिज तेल कोणत्या खडकात निर्माण झाले आणि तो खडक किती तापला होता, हे ठरविण्यासाठी डायबेंझोथायोफीन व त्याची मिथिल-संयुगे गेली चार दशके वापरली जात आहेत. या पद्धतीचा रासायनिक पाया भक्कम आहे. मात्र तिच्यापासून मिळणारे गुणोत्तर एका सरळ सूत्रात घालून 'समतुल्य व्हिट्रिनाइट परावर्तन' म्हणून निरपेक्ष आकडा देण्याची प्रथा तितकी भक्कम नाही. परिपक्वतेचे गुणोत्तर उगमापासून स्वतंत्र नाही आणि उगमाचे गुणोत्तर परिपक्वतेपासून स्वतंत्र नाही. म्हणून ही साधने तुलनेसाठी विश्वसनीय व निरपेक्ष मापनासाठी मर्यादित आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : डायबेंझोथायोफीन, परिपक्वता, स्रोतखडक, व्हिट्रिनाइट परावर्तन, केरोजेन, गंधक.

प्रस्तावना

खनिज तेल ज्या खडकात सापडते त्याच खडकात ते बहुधा तयार झालेले नसते. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा स्रोतखडक खोल गाडला जातो, तापतो, त्यातील केरोजेनचे विघटन होऊन तेल निर्माण होते आणि ते स्थलांतर करून सच्छिद्र अशा संचयी खडकात साठते. विहीर खणली जाते ती संचयी खडकात. स्रोतखडक अनेकदा कित्येक किलोमीटर दूर व खोल असतो आणि त्याचा नमुना हाती लागतोच असे नाही. अशा वेळी तेलाच्या रेणूंनाच त्यांचा पूर्वेतिहास विचारावा लागतो. सेंद्रिय भूरसायनशास्त्राची ही शाखा याच गरजेतून वाढली.

या रेणूंपैकी स्टेरेन व होपेन हे जैवसूचक सर्वाधिक परिचित आहेत. परंतु त्यांना मर्यादा आहेत. परिपक्वतेसाठी वापरली जाणारी त्यांची समघटक गुणोत्तरे तेलनिर्मितीच्या पहिल्या टप्प्यांतच समतोलाला पोहोचतात व पुढे बदलत नाहीत. शिवाय हलक्या तेलांत व कंडेन्सेटमध्ये त्यांचे प्रमाण अत्यल्प उरते. जेथे जैवसूचक मूक होतात तेथे ॲरोमॅटिक संयुगे बोलतात, आणि त्यांत गंधकयुक्त ॲरोमॅटिक संयुगांचे स्थान विशेष आहे. एकाच कुळातील रेणू परिपक्वता व उगम अशा दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतात, असा त्यांच्याविषयीचा दावा आहे. या दाव्याची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

गंधक तेलात कसे येते

समुद्रतळाशी जेथे प्राणवायू संपतो तेथे सल्फेट-क्षपणकारी जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. या वायूपुढे दोन मार्ग असतात. गाळात लोह मुबलक असेल तर त्याच्याशी संयोग होऊन पायराइट बनते आणि गंधक खनिजात बंदिस्त होते. नद्यांनी वाहून आणलेल्या चिकणमातीत लोह भरपूर असते, म्हणून शेल खडकात बहुतांशी हेच घडते. चुनखडीच्या गाळात मात्र लोह कमी असते. तेथे उरलेले क्षपित गंधक सेंद्रिय द्रव्याशी जोडले जाते. सिनिंगे दामस्ते, द लेव व त्यांच्या नेदरलँड्समधील सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या प्रक्रियेचे रेणवीय पुरावे विस्ताराने मांडले. रबराच्या व्हल्कनीकरणाशी या प्रक्रियेची तुलना केली जाते ती याच कारणाने.

अशा गाळापासून बनणाऱ्या केरोजेनला ऑर यांनी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे शैलसमूहाच्या अभ्यासातून 'प्रकार दोन-एस' असे नाव दिले. त्याच्या वजनात ८ ते १४ टक्के गंधक असते. कार्बन-गंधक बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा दुर्बल असल्याने असे केरोजेन कमी तापमानालाच तेल देऊ लागते, हे या अभ्यासाचे महत्त्वाचे फलित. या तेलात गंधक अधिक, डांबरी अंश अधिक व घनता अधिक असते. हा मुद्दा पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. गंधकाची उपस्थिती ही केवळ उगमाची खूण नसून तेलनिर्मितीच्या वेळापत्रकावर प्रभाव टाकणारी गोष्ट आहे.

परिपक्वतेचे गुणोत्तर व त्याचा पाया

डायबेंझोथायोफीनच्या रेणूत दोन बेंझीन वलये एका पंचकोनी थायोफीन वलयाने जोडलेली असतात. त्यावर एक मिथिल गट बसला तर तो चार वेगवेगळ्या जागी बसू शकतो आणि चार समघटक मिळतात. चौथे स्थान गंधकाच्या बाजूला असून तेथे मिथिल गटाला मोकळीक असते. पहिल्या स्थानी मात्र समोरच्या वलयावरील हायड्रोजनशी त्याची दाटी होते. त्यामुळे १-मिथिल समघटक ऊष्मीयदृष्ट्या कमी स्थिर व ४-मिथिल समघटक अधिक स्थिर ठरतो. खडक तापत जातो तसतसे पहिल्याचे प्रमाण घटते आणि चौथ्याचे वाढते. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे मिथिल-डायबेंझोथायोफीन गुणोत्तर होय. राडके, वेल्टे व विल्श यांनी ते १९८६ मध्ये मांडले. १९८८ मध्ये शू व मीर यांनी गंधकयुक्त ॲरोमॅटिक संयुगांचा परिपक्वतेचे मापदंड म्हणून स्वतंत्र विचार केला.

या गुणोत्तराच्या बाजूने तीन गोष्टी निःसंशय मान्य केल्या पाहिजेत. पहिली, त्याला स्पष्ट रेणवीय कारण आहे. ते केवळ आकडेवारीतून निघालेले सहसंबंध नाही. दुसरी, त्यातील अंश व छेद एकाच वस्तुमानाचे व जवळजवळ सारख्याच विद्राव्यतेचे रेणू असल्याने स्थलांतर, बाष्पीभवन व प्रयोगशाळेतील हाताळणी यांचा परिणाम दोहोंवर सारखाच होतो. तिसरी, स्टेरेन-होपेन गुणोत्तरे स्थिरावल्यानंतरही ते वाढत राहते. तेलनिर्मितीच्या उत्तरार्धासाठी असे साधन दुर्मीळ आहे.

सूत्राची चिकित्सा

अडचण येते ती पुढच्या पायरीवर. तेलाच्या परिपक्वतेची चर्चा कोळशाच्या भाषेत करण्याची या शास्त्राची परंपरा आहे. कोळशातील व्हिट्रिनाइट हा घटक जितका तापतो तितका अधिक प्रकाश परावर्तित करतो आणि त्याच्या परावर्तनाची टक्केवारी हे परिपक्वतेचे सर्वमान्य परिमाण झाले आहे. राडके यांनी १९८८ मध्ये मिथिल-डायबेंझोथायोफीन गुणोत्तराला ०.०७३ ने गुणून त्यात ०.५१ मिळवावे म्हणजे समतुल्य परावर्तन मिळते, असे सूत्र दिले. सोपेपणामुळे ते लोकप्रिय झाले आणि विविध देशांतील तेलांना लावले जाऊ लागले.

या सूत्राचे अंकगणितच प्रथम तपासणे उचित ठरेल. गुणोत्तर शून्य असले तरी उत्तर ०.५१ येते. म्हणजे ०.५१ टक्क्यांपेक्षा कमी परिपक्वतेचे तेल या सूत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. माँटेरेसारख्या गंधकसमृद्ध केरोजेनपासून लवकर निघणाऱ्या तेलांबाबत खरा प्रश्न नेमका याच खालच्या टोकाचा असतो. तेथे सूत्र कोणत्याही तेलाला 'जवळजवळ परिपक्व' ठरविणार हे त्याच्या रचनेतच ठरलेले आहे. दुसरे असे की, गुणोत्तर २ असेल तर उत्तर सुमारे ०.६६ येते. त्यातील ०.५१ हा भाग स्थिरांकाचा आहे. उत्तराचा तीन-चतुर्थांशांहून अधिक हिस्सा तेलाच्या विश्लेषणातून आलेलाच नसतो. गुणोत्तराच्या मापनात २० टक्के चूक झाली तरी अंतिम आकड्यात ती साडेचार टक्क्यांएवढीच दिसते. दोन प्रयोगशाळांची उत्तरे जुळली, यावरून मापन अचूक होते असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

वरच्या टोकाची अडचण याहून वेगळी आहे. परिपक्वता वाढली की १-मिथिल समघटक जवळजवळ नाहीसा होतो. छेदातील शिखर पार्श्वभूमीच्या गोंगाटात मिसळू लागते आणि गुणोत्तर बेसुमार वाढते. तेथे मोठा आकडा हा अधिक तापमानाचा पुरावा आहे की लहान छेदाचा परिणाम आहे, हे मूळ क्रोमॅटोग्राम पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. प्रकाशित कोष्टकांत मात्र केवळ गुणोत्तर दिलेले असते.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलभूत आहे. व्हिट्रिनाइट हे काष्ठमय वनस्पतींच्या अवशेषांपासून बनते. तेलात ते नसतेच. सागरी चुनखडकात ते अत्यल्प असते आणि भूवनस्पती अवतरण्यापूर्वीच्या खडकांत ते असणे शक्य नाही. रेणवीय मापदंडांची खरी गरज याच खडकांत भासते, कारण तेथे दुसरे साधन नाही. परंतु ज्या खडकांत व्हिट्रिनाइट मोजता येते त्याच खडकांवर सूत्राचे प्रमाणीकरण करता येते. जेथे साधन सर्वाधिक हवे तेथेच त्याचा पडताळा सर्वांत दुबळा, अशी ही विसंगती आहे. राडके व सहकाऱ्यांच्या १९८६ च्या निबंधाच्या शीर्षकातच सेंद्रिय द्रव्याच्या प्रकाराचा प्रभाव हा विषय नमूद आहे. मूळ संशोधकांनी दाखविलेली सावधगिरी सूत्राच्या पुढील वापरात मागे पडली, असे म्हणावे लागते.

याउलट चांगल्या वापराची उदाहरणेही आहेत. चखमाखचेव व सुझुकी यांनी १९९५ मध्ये रशियातील बुझुलुक खोऱ्याच्या तेलांपुरता हा विचार केला. सांतामारिया-ओरोस्को व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मेक्सिकोच्या काम्पेचे उपसागरातील तिथोनियन स्रोतखडक आणि तेथील तेले यांचा एकत्रित अभ्यास केला. अशा अभ्यासांचे मोल त्यांच्या मर्यादित भूगोलात आहे. खडकाचा प्रकार एकच ठेवल्यावर गुणोत्तरातील फरक तापमानाला जोडणे न्याय्य ठरते.

उगमाचे गुणोत्तर : काय मोजले जाते

उगमाच्या प्रश्नासाठी ह्यूजेस, होल्बा व झू यांनी १९९५ मध्ये डायबेंझोथायोफीन व फेनँथ्रीन यांचे गुणोत्तर प्रिस्टेन व फायटेन यांच्या गुणोत्तरासमोर मांडले. फेनँथ्रीन हा गंधकविरहित तीन वलयांचा रेणू आहे. एकाशी तुलना केली की गंधकाची उपलब्धता कळते, दुसऱ्यावरून गाळातील प्राणवायूची स्थिती कळते. या आलेखावर सागरी चुनखडक, सरोवरी गाळ, शेल आणि त्रिभुज प्रदेशातील कोळसायुक्त गाळ यांचे विभाग पाडता येतात. पहिले गुणोत्तर १ हून अधिक असल्यास ते सामान्यतः चुनखडकी उगमाचे लक्षण मानले जाते. दोन स्वतंत्र रासायनिक परिस्थितींना एका आलेखावर आणणारी ही रचना सुबोध व उपयुक्त आहे, यात शंका नाही.

तथापि हे गुणोत्तर खडकाचा प्रकार मोजत नाही. ते क्षपित गंधक व लोह यांचा ताळेबंद मोजते. 'चुनखडक' हे त्यावरून केलेले अनुमान आहे. दोन्ही गोष्टी बहुधा एकत्र आढळतात म्हणून अनुमान बहुधा बरोबर येते. अपवाद मात्र बोलके आहेत. क्रोएशियाच्या इस्त्रिया द्वीपकल्पातील राशा येथील कोळशात सेंद्रिय गंधकाचे प्रमाण असामान्यपणे मोठे आहे. आसाम व मेघालयातील तृतीयक कल्पातील कोळशातही गंधक अधिक असून त्याचा मोठा भाग सेंद्रिय स्वरूपात आहे. निक्षेपणाच्या काळातील सागरी प्रभावाशी त्याचा संबंध जोडला जातो. म्हणजे भूवनस्पतींच्या द्रव्यालाही परिस्थिती अनुकूल मिळाली तर गंधकाचा ठसा लागू शकतो.

याहून खोल प्रश्न डायबेंझोथायोफीनच्या जन्माचा आहे. स्टेरेनमागे स्टेरॉल आहे, होपेनमागे जीवाणूंच्या पेशीपटलातील संयुगे आहेत. डायबेंझोथायोफीनमागे असा एखादा ओळखता येणारा जैव पूर्वज नाही. आसिफ, अलेक्झांडर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कार्बनच्या पृष्ठभागावर बायफिनाइल व मूलद्रव्यरूप गंधक यांच्यापासून डायबेंझोथायोफीन बनू शकते, असे प्रयोगाने दाखविले. तसे असेल तर या रेणूतील गंधक गाळ साचतानाच आले होते की खडक तापल्यावर आले, हा प्रश्न उभा राहतो. उगमाचे गुणोत्तर तापमानाच्या इतिहासापासून अलिप्त मानता येत नाही, ते यामुळे.

भारतीय संदर्भ

या चर्चेचे व्यावहारिक महत्त्व दोन भारतीय उदाहरणांवरून स्पष्ट होते. १९७४ मध्ये शोध लागलेल्या मुंबई हाय क्षेत्राचा प्रमुख संचयी खडक मायोसीन कालीन चुनखडक आहे. केवळ संचयी खडकावरून तर्क केला तर तेल गंधकयुक्त असावे असे वाटेल. प्रत्यक्षात या तेलात गंधक सुमारे ०.२ टक्के इतके अल्प आहे, तर मुंबई बंदरात आयात होणाऱ्या आखाती तेलांपैकी 'अरब हेवी' या प्रकारात ते ३ टक्क्यांच्या आसपास असते. याचे कारण मुंबई हायच्या तेलाचा उगम चुनखडकात नसून त्याखालील पन्ना शैलसमूहातील शेल व कोळसायुक्त थरांत मानला जातो. गंधकाचा ठसा स्रोतखडकाचा असतो, साठ्याचा नव्हे, हे तत्त्व येथे सुस्पष्टपणे दिसते. उगमाचे साधन म्हणून गंधकयुक्त संयुगांची बाजू या उदाहरणाने बळकट होते.

दुसरे उदाहरण राजस्थानातील बिकानेर-नागौर खोऱ्यातील बाघेवाला-१ या विहिरीचे आहे. पीटर्स व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये जैवसूचकांच्या आधारे तेथील जड व गंधकयुक्त तेलाचा उगम इन्फ्राकेंब्रियन काळातील खडकात असल्याचे दाखविले. भूमीवर काष्ठमय वनस्पती येण्यापूर्वीचा हा काळ आहे. अशा तेलासाठी दोन दशांश स्थळांपर्यंत 'समतुल्य व्हिट्रिनाइट परावर्तन' लिहिले तर त्या आकड्याला प्रत्यक्ष आधार कोणता, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे. त्या खडकात व्हिट्रिनाइट नाही. म्हणून पडताळाही नाही. त्याच खोऱ्यातील दोन तेलांपैकी कोणते अधिक तापलेल्या खडकातून आले, हे मात्र समघटकांचे गुणोत्तर सांगू शकेल. खोदाईचा निर्णय घेणाऱ्याला बहुधा हेच हवे असते. निरपेक्ष आकड्यावर विसंबून एखादे खोरे अपरिपक्व ठरविले गेले, तर ते पुढे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहू शकते. सूत्राच्या वापरातील शिथिलता ही केवळ शास्त्रीय काटेकोरपणाची बाब राहत नाही.

निर्मितीनंतरचे फेरफार

तेल साठल्यानंतरही त्याची रासायनिक स्थिती बदलत असते. खोल व तप्त चुनखडकी साठ्यांत सल्फेटयुक्त खनिजे आणि हायड्रोकार्बन यांच्यात जीवाणूंविना ऊष्मीय सल्फेट-क्षपण घडते व हायड्रोजन सल्फाइड निर्माण होते. त्यातील गंधक पुन्हा ॲरोमॅटिक संयुगांत शिरू शकते. अशा तेलात डायबेंझोथायोफीनचे आधिक्य उगमाचे नसून साठ्यातील घटनेचे असते. या पेचातून मार्ग दाखविणारी प्रगती म्हणजे एकेका संयुगातील गंधकाचे समस्थानिक मोजण्याचे तंत्र. अम्रानी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ते मांडले आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या स्मॅकोव्हर शैलसमूहातील तेलांवर वापरून बेंझोथायोफीन व डायबेंझोथायोफीन यांच्या समस्थानिक फरकावरून ऊष्मीय सल्फेट-क्षपण ओळखता येते असे दाखविले. गुणोत्तर 'किती' हे सांगते. समस्थानिक 'कोठून' हे सांगतात. दोहोंची जोड मिळाल्याशिवाय तप्त चुनखडकी साठ्यांतील तेलाच्या उगमाविषयी ठाम विधान करणे धाडसाचे होय.

मिश्रणाचा प्रश्नही असाच आहे. एकाच साठ्यात आधी आलेले कमी परिपक्व तेल व नंतर आलेले अधिक परिपक्व तेल मिसळले, तर जैवसूचक बहुतांशी पहिल्याचे व ॲरोमॅटिक संयुगे बहुतांशी दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करू शकतात. दोन्ही मापदंड विसंगत आले की एक चुकीचा मानून सोडून देण्याची वृत्ती दिसते. वस्तुतः ही विसंगतीच साठ्याचा इतिहास सांगणारी असते.

तुलनात्मक वापराचे सामर्थ्य

तुलनेसाठी हीच साधने किती प्रभावी ठरतात याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. चीनच्या तारीम खोऱ्यातील ताहे तेलक्षेत्रात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्किल-डायबेंझोथायोफीनांची गुणोत्तरे साठ्यात तेल कोणत्या दिशेने भरत गेले हे शोधण्यासाठी वापरली गेली. तेथे तेलांचे कुळ समान असल्याने गुणोत्तरातील क्रमिक घट दिशादर्शक ठरते; निरपेक्ष परिपक्वतेची आवश्यकताच भासत नाही. दुसरे उदाहरण १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डीझ दुर्घटनेनंतरचे. अलास्काच्या किनाऱ्यावरील हायड्रोकार्बन सांडलेल्या तेलाचे की नैसर्गिक पार्श्वभूमीचे, हे ओळखण्यासाठी अल्किल-डायबेंझोथायोफीन व अल्किल-फेनँथ्रीन यांची गुणोत्तरे उपयोगी पडली. दोन्ही कुळांची झीज जवळपास सारख्या गतीने होत असल्याने झिजलेल्या तेलातही गुणोत्तर बरेचसे टिकते. येथेही संभाव्य उगम मोजके व आधीच ज्ञात होते आणि प्रश्न त्यांतून निवड करण्याचा होता.

निष्कर्ष

गंधकयुक्त ॲरोमॅटिक संयुगांचे भूरसायनशास्त्रातील स्थान त्यांच्या रेणुरचनेने मिळवून दिलेले आहे आणि ते कायम राहील. मात्र त्यांच्या वापरात पुढील शिस्त आवश्यक दिसते. समघटकांचे मूळ गुणोत्तर हाच प्राथमिक निष्कर्ष मानून तो प्रकाशित व्हावा. समतुल्य परावर्तन दिल्यास कोणत्या प्रकारच्या खडकावर प्रमाणित केलेले सूत्र वापरले ते सोबत नमूद व्हावे. गंधकसमृद्ध केरोजेनच्या तेलांना व भूवनस्पतीपूर्व खडकांच्या तेलांना सर्वसाधारण सूत्र लावू नये. उगमाच्या आलेखावरील स्थान हे खडकाच्या प्रकाराचे नव्हे, तर गंधक व लोह यांच्या ताळेबंदाचे निदर्शक समजावे आणि तप्त साठ्यांत समस्थानिकांचा आधार घ्यावा. परिपक्वता व उगम यांची उत्तरे एकाच कुळातील रेणूंकडून घेताना त्या दोन उत्तरांना परस्परांचे स्वतंत्र पुरावे मानू नये. एवढी शिस्त पाळली तर डायबेंझोथायोफीन हे दोन तेलांमधील फरक सांगणारे अत्यंत विश्वासू साधन आहे. एकट्या तेलाकडून तापमानाची नेमकी कबुली घेण्याचे काम त्याच्यावर सोपविणे मात्र योग्य होणार नाही.